उस्तंदारांचे वकील

घर पाहायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझी पगाराची पावती पाहिली नाही. जर्मनीत भाड्याने घर मागणाऱ्याला आपण भला माणूस असल्याचे कागदोपत्री सिद्ध करावे लागते, म्हणून मी सगळे कागद एका फोल्डरात नीट लावून नेले होते. त्यांनी ते फोल्डर हातात घेतले, न उघडता रेडिएटरवर ठेवले आणि विचारले, "मराठी वाचता येतं?"

"हो."

"मोठ्याने?"

मी पुन्हा हो म्हणालो. त्यांनी शेल्फातून एक जाडजूड ऑर्डनर, म्हणजे कागद लावायची फाईल, काढला, मधलेच एक पान उघडले आणि माझ्यापुढे धरले. मी उभ्या उभ्या वाचू लागलो. त्या पानावर कोणी एक राजा आपल्याहून फार मोठ्या अशा दुसऱ्या राजाला घोडे पाठवीत होता आणि सोबत आपल्या प्रकृतीच्या तक्रारी कळवीत होता. पान संपले तेव्हा ते म्हणाले, "श्वास चुकीच्या जागी घेता. पण चालेल. राहायला कधी येताय?"

मार्क जाऊन युरो आल्याला तेव्हा वर्ष झाले होते. मी पस्तिशीत होतो, आणि न्युरेम्बर्गहून रोज बसने हेर्त्सोगेनआउराखला जाऊन एका कारखान्यात बेअरिंगांची ड्रॉइंगे तपासत होतो. ते साठी ओलांडलेले, निवृत्त झालेले; मी त्यांना काका म्हणत असे. त्यांच्या घराच्या पोटमाळ्यावरच्या दोन खोल्या मला मिळाल्या. जिन्याच्या तळाशी घराचे नियम लावलेले होते. जिन्यात सायकल ठेवू नये, दुपारच्या विश्रांतीच्या वेळात ड्रिल चालवू नये, वगैरे. सगळ्यात खाली त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात मराठीत एक कलम वाढवले होते: "रविवारी एक प्रकरण." मराठी भाडेकरू त्या घरात मी एकटाच असल्यामुळे हे कलम कोणाला उद्देशून होते, याविषयी संदिग्धता नव्हती.

ते लिहीत आणि मी वाचून दाखवी. "स्वतःची वाक्यं स्वतःला सरळच चालताना दिसतात," ते म्हणत. "दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की कोणतं लंगडतंय ते कळतं." मी वाचत असे, हे खरे. पण वाचताना माझ्या मनात सोमवारच्या बैठकीची जुळवाजुळव चाललेली असे. माणसासमोर बसणे आणि माणसाला कान देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. ठाऊक होते; सोयीचे नव्हते.

ते लिहीत होते तो विषय असा. कास्पियन समुद्राच्या दक्षिण काठाला एक अरुंद सपाट पट्टी आहे. भातखाचरांची, दमट हवेची, बरीचशी आपल्या कोकणासारखी. तिच्या पाठीमागे एकदम डोंगर उठतो. त्या डोंगरातल्या रूयान नावाच्या मुलखावर बादुस्पान घराण्याने नऊशे वर्षांहून अधिक काळ राज्य केले. त्यांच्या राजांना उस्तंदार म्हणत. एवढ्या काळात त्यांनी जग जिंकले नाही आणि जिंकण्याचा विचार केल्याचेही कुठे दिसत नाही. खलिफांचे सुभेदार आले, सेल्जुक आले, मंगोल आले, तैमूर आला. उस्तंदारांनी बहुतेकांना मुजरा केला, नजराणा दिला आणि ते डोंगरात निघून गेले. आलेले यथावकाश नाहीसे झाले. उस्तंदार खाली उतरले आणि त्यांनी पुन्हा भात लावला. शेवटी सफवींनी त्यांना कायमचे संपवले. पण तोवर त्यांच्याहून थोर म्हणवणारी कितीतरी राज्ये पुस्तकांत जाऊन बसली होती.

या इतिहासातून त्यांनी स्वतःपुरते एक सूत्र काढले होते: "सपाटी द्यावी, घाट सोडू नये." हे सूत्र ते कशालाही लावत. शेजारच्या गृहस्थांचा काकांच्या अक्रोडाच्या झाडावर राग होता, कारण पाने त्यांच्या अंगणात पडत. एका शनिवारी ते गृहस्थ भांडण्याच्या पूर्ण तयारीने आले. काकांनी त्यांना दारातच मधाची बरणी दिली, पानांबद्दल मनःपूर्वक क्षमा मागितली, दोन पोती पाने स्वतः गोळा करून आणली आणि झाड जिथल्या तिथे ठेवले. शेजारी बरणी हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. दार लावताना काका म्हणाले, "मंगोल परतले."

मी त्यांना काका म्हणत असे. एकदा माझ्या खात्यात नवीन साहेब आले आणि त्यांनी माझे खिडकीजवळचे टेबल काढून मला प्रसाधनगृहाच्या वाटेवर बसवले. मी फार दुखावलो होतो. काकांनी सगळे ऐकून घेतले.

"ड्रॉइंगवर शेवटची सही कोणाची?"

"माझीच."

"मग घाट तुमच्याकडे आहे. टेबलासाठी काय रडताय? जाताना त्याला एक कुंडीही द्या."

मी कुंडी दिली नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात नव्हता. पण साहेब दीड वर्षात म्युनिकला गेले आणि सही माझीच राहिली, हे नोंदवले पाहिजे.

स्वतःच्या घरात त्यांच्याकडे घाट म्हणून फक्त तळघर होते; लिहिणे तिथेच चाले. वरचे सगळे मजले काकूंचे. काकू फ्रांकेनच्याच, न्युरेम्बर्गजवळच्या एका खेड्यातल्या. लग्नानंतर त्या पहिल्यांदा पुण्याला गेल्या तेव्हा सासूबाई सासऱ्यांना "अहो" म्हणताना त्यांनी ऐकले आणि ते सासऱ्यांचे नाव असावे असे धरून चालल्या. मग दीरांच्या बायकाही आपापल्या नवऱ्याला त्याच नावाने हाका मारू लागल्या, तेव्हा खुलासा झाला. मराठीतला हा एक शब्द त्यांनी आत्मसात केला आणि त्या एका शब्दावर संसार केला. "अहो, एसन!" अशी हाक तळघराच्या जिन्यात घुमली की जेवण तयार आहे असे समजायचे. "अहो, मंगोल बाहेर काढा," म्हणजे कचरा नेऊन टाका. हे वाक्य त्या अर्थात जर्मनमध्ये म्हणत.

मराठीत फारसी इतिहास लिहायला भाषांतर लागतच नाही, असे काकांचे मत होते. "मुलूख, खजिना, दरबार, सरदार, वजीर, दगा, फितुरी. सगळं घरातच आहे. नुसती लिपी बदलायची." मात्र काही शब्द येताना वाटेत फिरले, असे ते सांगत. त्यांना ते 'फितूर शब्द' म्हणत. तिकडे 'तक्रार' म्हणजे तीच गोष्ट पुन्हा करणे. "आपल्याकडे ती कशी झाली हे कोणत्याही सरकारी कचेरीत जाऊन पाहा," ते गंभीरपणे म्हणत. तिकडे 'शिकस्त' म्हणजे पराभव. आपण मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो. हे कळल्यापासून माझी पंचाईत झाली.

"या प्रोजेक्टसाठी मी अगदी शिकस्त करतोय, काका."

"हरताय?"

"नाही, म्हणजे मेहनत."

"बरं. मी घाबरलो."

न्युरेम्बर्गच्या आमच्या मराठी मंडळींनी एका वर्षी गणपतीत त्यांचे भाषण ठेवले. वीस मिनिटे दिली होती. काकांनी ती भूगोलावर खर्च केली. पाऊण तासाने सेल्जुक आले तेव्हा नाचासाठी नऊवारी नेसवलेल्या मुली खुर्च्यांवर झोपी गेल्या होत्या. मागून एक तरुण इंजिनिअर ओरडला, "काका, हे पेशव्यांचे कोण लागतात?"

"कोणी नाही."

"शिवाजी महाराजांचे?"

"कोणी नाही."

"मग आपला काय संबंध?"

"काही नाही," काका म्हणाले. "म्हणून तर बोलतोय. संबंध असलेल्यांबद्दल बोलायला तुम्ही सगळे आहात."

लोक हसले. मीही हसलो. काकांनी ते हसू संपेपर्यंत विनयाने वाट पाहिली आणि मंगोलांना आत घेतले. स्वयंपाकघरातून कोणीतरी ओरडले, "अहो, मोदक गार होतायत!" तेव्हा तैमूर यायचा बाकी होता, तो राहून गेला.

तरुणाचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला आणि एका रविवारी मी तो अधिक सभ्य शब्दांत विचारला. काका सत्तरच्या दशकात एका जर्मन कंपनीकडून त्या किनाऱ्यावर वीजकेंद्र उभारायला गेले होते, हे मला माहीत होते. सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हरला घेऊन ते डोंगरात जात.

"वर एक पडकी भिंत होती," ते म्हणाले. "ड्रायव्हर म्हणाला, उस्तंदारांची. मी म्हटलं, ते कोण? त्याला तेवढंच ठाऊक. भिंतीवर एक शेळी उभी होती. नऊशे वर्षांच्या राज्याला वारस म्हणून तिच्याशिवाय कोणी दिसेना. म्हटलं, हिला मदत करू."

पुढे तिकडे क्रांती झाली, कंपनीने माणसे परत आणली, आणि काका न्युरेम्बर्गला येऊन फारसी शिकले. तेही जुन्या बखरींमधून. त्यामुळे त्यांची फारसी अशी होती, की आज कोणी पुण्यात येऊन यादवकाळातल्या मराठीत रिक्षा ठरवावी.

आता त्यांच्या मुलीविषयी लिहिले पाहिजे, कारण हे सगळे मी तिच्यापर्यंत येण्यासाठीच लिहीत आहे.

ती बर्लिनला एका लहानशा कंपनीत काम करीत असे. मराठी तिला सगळी कळे. उत्तर ती जर्मनमध्ये देई. बापलेकीचे संभाषण त्यामुळे दोन समांतर रुळांवर चाले आणि बहुतेक वेळा ते पुढे जात नसे. मी राहायला येण्यापूर्वी तिने एका बव्हेरियन मित्राला घरी जेवायला आणले होते. काकांनी त्याला सूपाबरोबर सातव्या शतकापासून सुरुवात करून दिली. तो मुलगा मंगोल येण्यापूर्वीच गेला आणि नंतर तो कायमचाच गेला. त्यात उस्तंदारांचा वाटा किती आणि इतर कारणांचा किती, हे कोणी सांगू शकणार नाही. पण मुलीने हिशोब उस्तंदारांच्या नावावर मांडला. तेव्हापासून ती नाताळला येई, आणि फोन केला की आईला आधी विचारी, "तो तळघरात आहे ना?"

काकांनी हे मला कधी सांगितले नाही. काकूंनी सांगितले. काका एवढेच म्हणत, "तिला इतिहासाची आवड नाही." म्हणताना ते ऑर्डनरच्या कडा एका रेषेत आणत. त्या कडा आधीच एका रेषेत असत.

ज्या उन्हाळ्यात फुटबॉलच्या विश्वचषकासाठी सगळ्या जर्मनीने आपल्या गाड्यांना झेंडे लावले होते, त्याच्या नंतरच्या शरद ऋतूत ती एका शनिवारी न सांगता आली. मी पत्रपेटीची किल्ली मागायला खाली गेलो होतो आणि स्वयंपाकघराच्या दारात अडकलो. ती टेबलाशी ताठ बसून सांगत होती, की ती लग्न करणार आहे. मुलगा इराणी घरातला आहे, इथेच वाढलेला. त्याचे आईवडील पुढच्या रविवारी कासेलहून रीतसर भेटायला येणार आहेत. त्यांच्यात मुलाकडचे असे घरी येऊन मागणी घालतात. त्याच्या आईला हे लग्न फारसे पसंत नाही. आणि म्हणून एकच अट आहे.

"उस्तंदार नाहीत," ती जर्मनमध्ये म्हणाली. "एक शब्दही नाही. तू एक शब्द बोललास तर आम्ही बर्लिनच्या रजिस्ट्रारकडे दोघेच जाऊ. तुला फोटो पाठवीन."

काकांनी विचार केला. "केवढा?" त्यांनी विचारले.

कोणी हसले नाही. काकांचाही विनोद करण्याचा हेतू नसावा.

"मला तू तिथे हवा आहेस," ती म्हणाली. "पण तू. ते नाहीत."

"बरं," काका म्हणाले.

त्या आठवड्यात ते तळघरात फार कमी गेले. गुरुवारी वर येऊन त्यांनी मला रविवारचे आमंत्रण दिले. "तुम्ही माझ्यासमोर बसा. मी सुरू होतोय असं वाटलं की चमचा खाली टाका."

"सुरू होताय हे मला कसं कळणार?"

"मी खुर्ची मागे घेतो. मग हवामानाबद्दल बोलतो. मग भूगोल."

रविवारी पाहुणे दुपारच्या कॉफीला आले. काकूंनी आलुबुखारचा केक केला होता आणि काकांनी आग्रहाने चिवडा ठेवला होता. मुलाचे वडील दंतवैद्य. गडद सूट, मंद आवाज. आई हातात मिठाईचा डबा घेऊन आली आणि तो खाली ठेवायला जागा शोधताना तिने सगळे घर एकदा नजरेखालून घातले. मुलगा भला होता आणि घाबरलेला होता. बोलणे जर्मनमध्ये सुरू झाले: रस्ता, पार्किंग, केक. काका हसतमुखाने मान हलवीत होते. त्यांची खुर्ची टेबलाला घट्ट चिकटलेली होती.

मग दंतवैद्य म्हणाले, "मुलगा सांगत होता, तुम्ही आमच्या भागात होतात. आम्ही किनाऱ्यावरचे. डोंगराच्या पायथ्याशी आमच्या आजोबांची संत्र्यांची बाग होती. मागचा सगळा रूयानचा डोंगर."

हे मुलीने घरी सांगितले नव्हते. का सांगितले नव्हते, हे उघड होते. काकांनी तिच्याकडे पाहिले नाही. मी चमचा बोटांत धरला.

"काय पाहिलंत आमच्याकडे?" दंतवैद्यांनी विचारले. फार दिवसांनी कोणीतरी आपल्या गावाहून आले आहे, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"पाऊस," काका म्हणाले.

"हो, हो, पाऊस. आणि डोंगर?"

"डोंगर ढगांत असायचे."

"वर एक जुना किल्ला आहे. आम्ही मुलं असताना तिथे जायचो. ती भिंत कोणाची हे मला अजून माहीत नाही. तुमच्या कानावर आलं होतं का कधी?"

माझ्या हातातला चमचा पडला. मी तो पाडला नव्हता. तो आपसूक पडला. काकांनी त्या चमच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि पंचवीस वर्षांचे ऑर्डनर पायांखालच्या तळघरात असताना म्हणाले, "नाही. मला माहीत नाही."

दंतवैद्य हळूच मागे टेकले. आपल्या देशात येऊन राहिलेली, पगार घेतलेली आणि पावसाखेरीज काहीही लक्षात न ठेवलेली माणसे त्यांनी पुष्कळ पाहिली असावीत. आणखी एक पाहिला, एवढेच. त्यांच्या पत्नीने रुमालाची घडी घातली आणि मुलाला फारसीत हलक्या आवाजात काहीतरी सांगितले. मुलगा बशीकडे पाहू लागला. काकांची मुलगी मात्र लाल झाली. त्या मुलाबरोबरच्या तीन वर्षांत तिला ती भाषा समजू लागली होती. ती आई म्हणत होती, निघूया, या लोकांना आपल्यात रस नाही. हे मला नंतर कळले. त्या क्षणी मला एवढेच दिसले की मुलीने तोंड उघडले आणि मिटले. अट तिनेच घातली होती, आणि आता ती अटच तिचे लग्न मोडत होती.

ते वाक्य काकांनीही ऐकले होते. त्यांना तर ते नक्कीच समजले असणार. ते उभे राहिले. त्यांनी खुर्ची मागे घेतली नाही, त्यामुळे टेबल पुढे सरकले. त्यांनी हात जोडले आणि पाहुण्यांकडे पाहून, त्यांच्या त्या जुन्या बखरीतल्या, प्रत्येक स्वर ओढून घेणाऱ्या फारसीत म्हणाले, "मा गरीबीम. दुख्तरे मारा कबूल कुनीद."

मला फारसी येत नाही. पण गरीब आणि कबूल हे शब्द आपलेच. त्यामुळे अर्थ लागला. माझ्या बहिणीच्या लग्नात माझ्या मामांनी व्याह्यांपुढे हेच म्हटले होते: आम्ही गरीब माणसं, आमची मुलगी पदरात घ्या. गॅरेज असलेल्या त्या दुमजली घरात ते जरा जास्त वाटले, पण वधूपित्याने म्हणायचे ते वाक्यच असे असते. अडचणीत सापडलेल्या माणसाच्या तोंडी आईच्या घरचे वाक्य येते, तसे ते आले.

टेबलावर काय घडले ते मात्र मला समजेना. दंतवैद्यांची पत्नी एकाएकी रडू लागली. घडी घातलेला रुमाल तिने पुन्हा उलगडला आणि डोळ्यांना लावला. दंतवैद्य उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी काकांचे दोन्ही हात हातांत घेतले.

"मा हम गरीबीम, आगा," ते म्हणाले. "मा हम."

आम्हीही गरीबच, असे ते म्हणाले, असे मी समजलो. त्यांच्या मनगटावरचे घड्याळ पाहून मला थोडे नवल वाटले. त्यानंतर बाईंनी मुलीला आपल्याशेजारी बसवून घेतले, तिचा हात आपल्या मांडीवर ठेवला, आणि काकूंकडे केकची कृती मागितली. काकूंनी जर्मनमध्ये तीनदा विचारले, "काय झालं? काय म्हणाले ते?" पण कोणी कोणाला उत्तर देत नव्हते. निघताना दोन्ही व्याही दारात बराच वेळ एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

पाहुणे त्यांच्या गाडीकडे गेले. ती दोन गल्ल्या सोडून लावलेली होती. मुलगाही त्यांना पोचवायला गेला. मी स्वयंपाकघरात कप पुसत होतो. काका फुललेले होते.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले, "फारसी अजून शाबूत आहे. काय लागली बघा!"

"बाबा," मुलगी म्हणाली. ती सिंककडे तोंड करून उभी होती. पुढचे ती जर्मनमध्ये बोलली. "तुला काय म्हणायचं होतं?"

"काय म्हणजे? गरीब आहोत म्हटलं. म्हणायचं असतं."

"फारसीत गरीब म्हणजे पैसे नसलेला नाही. घर सोडून लांब आलेला. परक्या मुलखात एकटा पडलेला." ती वळली. "आम्ही इथे परके आहोत, आमची मुलगी आपली म्हणा. असं ऐकलं त्यांनी."

मला आयुष्यात प्रथमच काकांच्या चेहऱ्यावर लाज दिसली. हा शब्द त्यांना माहीत नव्हता असे नाही. बखरी वाचताना तो त्यांनी शेकडो वेळा नीट वाचला असणार. पण मुलीसाठी हात जोडले तेव्हा तोंडात बखर आली नाही, पुणे आले. सगळ्या फितूर शब्दांचा पंचनामा करून बसलेला माणूस त्यातल्याच एकाच्या हाती सापडला होता, आणि तोही ज्यांची ती भाषा त्यांच्यासमोर.

त्यांनी हातातले फडके ठेवले आणि ते बाहेरच्या दाराशी गेले. स्टुलावर बसून बूट घालू लागले.

"कुठे?" मुलगी मागोमाग आली. कप हातात घेऊन मीही.

"सांगून येतो. गाडीपर्यंत पोचले नसतील. शब्दाचा अर्थ मराठीत बदललाय, एवढंच सांगायचंय. दोन मिनिटं."

"नाइन," ती नकारार्थी मान हलवत म्हणाली.

"अगं, त्यांचा गैरसमज झालाय."

आणि तेव्हा ती मराठीत बोलली. मी त्या घरात राहायला आल्यापासून तिच्या तोंडून ऐकलेले ते पहिले मराठी वाक्य. त्यातला 'झ' तिला नीट जमला नाही. "झाला. राहू दे."

"असं कसं राहू दे? मी म्हटलं एक, त्यांनी ऐकलं भलतंच. उद्या त्यांना कळलं तर?"

"बाबा, त्या रडल्या. तीन वर्षं माझ्याशी हॅलोच्या पुढे नाही बोलल्या. आज माझा हात धरला."

"पण मी परका नाही ना. माझं घर आहे इथे. कर भरतो. आई इथली, तू इथली."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली. मग योग्य शब्द शोधत, सावकाश, "तू इथला आहेस. आणि तू पण... फारसीतला गरीब, ते पण आहेस. मला नव्हतं माहीत."

काकांनी एका बुटाची नाडी बांधली होती. दुसरी हातात होती. ते जमिनीकडे पाहत बसले. काचेतून गल्लीचा कोपरा दिसत होता. तिघेही पाठमोरे, सावकाश चालत तिथे पोचले होते. बाई मध्येच थांबून काहीतरी सांगत होत्या आणि मुलगा त्यांच्यासाठी वाकून ऐकत होता. धावले असते तर काकांनी त्यांना गाठले असते.

"म्हणजे चूक तशीच ठेवायची," ते म्हणाले.

"हो."

"कायमची."

"या."

हा जर्मनमधला होकार होता. काकांनी तो तसाच घेतला की मराठीतले 'या', म्हणजे बोलावणे, असा, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. कोपऱ्यावरची माणसे वळून दिसेनाशी झाली. त्यांनी मान वर केली.

"लग्नाला मी येऊ ना?"

"बूट काढलेस तर," ती म्हणाली.

त्यांनी बूट काढले.